धरलेली सायकल

श्रीरंगने चेनला तेल दिलं, ब्रेक आवळले, टायर दाबून पाहिले. कित्येक वर्षांनी आज बाहेरची हवा श्वास घेण्याजोगी होती, दुपारचा भोंगा वाजेपर्यंत. अशा मोकळ्या हवेच्या वेळेलाच सगळे 'सीझन' म्हणत.

हॉलमध्ये स्टँडवर बसवलेल्या सायकलवर शाल्मली लहानाची मोठी झाली होती. "सीझन सुरू होईल तेव्हा तयार पाहिजे," म्हणत त्याने लेकीकडून रोज सराव करून घेतला होता. पडद्यावरचा खंबाटकी घाट ती न थांबता चढायची.

फाटकाबाहेर ती सीटवर बसली. त्याने हात सोडला आणि ती बाजूला कोसळली. पुन्हा बसली, पुन्हा पडली.

"बाबा, ही सरळ उभी का राहत नाही?"

इतकी वर्षं सायकल स्टँडने धरली होती. तोल सांभाळणं राहूनच गेलं होतं.

तो सीट धरून तिच्यामागे धावत राहिला. ऊन डोक्यावर येता येता तिचा तोल जमू लागला. आता हात सोडावा, इतक्यात भोंगा वाजला.

घरात शाल्मलीने सायकल स्टँडवर चढवली. तो बोल्ट आवळत असताना तिने विचारलं, "पुढच्या सीझनपर्यंत ही मला लहान होईल ना?"