एकाच माणसाची रजा

“काही सोडायची वेळ आली, तर ते कुणाच्या ताटातलं आहे हे आधी बघ,” समितीतल्या थोरल्या बाईंनी वाटाघाटींच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तिने मान डोलावली आणि कानाआड केलं. घरी अंगावर पिणारं बाळ, नवऱ्याचं काम सुटलेलं. स्वतःच्या ताटापलीकडचं तिला काही दिसतच नव्हतं.

ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. प्राध्यापक संघटनेच्या समितीत सगळ्यांत नवी, म्हणून तिचं नाव धाकटी पडलं होतं. सरकारने अनुदान कापलं होतं, तीन पदं जाणार होती आणि नियम सरळ होता: शेवटी आलेला आधी जाणार. सगळ्यांत शेवटी ती आली होती.

बैठकीच्या खोलीतला हीटर कपातीत केव्हाच बंद झाला होता. सगळे मफलर, शाली गुंडाळून बसत. संघटनेच्या अध्यक्षांना कॉलेजभर कप्तान म्हणत. ते इतिहास शिकवायचे, पण या सत्रात वर्गावर दिसत नव्हते. अध्यक्ष म्हटल्यावर संघटनेच्या कामासाठी तासांत सूट असणारच. कुणी विचारलंही नाही. अंगावरचा कोट सैल झाला होता, त्यावर तेच म्हणायचे, “कपातीचा श्रीगणेशा मी माझ्या पोटापासून केलाय. सरकारला कळवा.”

त्या दिवशी कॉलेजच्या वतीने कुलसचिवांनी चष्मा पुसत शेवटचं सांगितलं. “तिन्ही पदं ठेवतो. रजापेढी बंद करा.”

रजापेढी संघटनेनेच भांडून मिळवलेली. प्रत्येक प्राध्यापक आपल्या हक्काच्या रजेतले दोन-तीन दिवस तिच्यात टाकायचा. कुणी गंभीर आजारी पडलं, की त्या साठ्यातून त्याला पगारी रजा मिळायची. कुणाला मिळाली हे मात्र गुप्त. देणाऱ्याने उपकार मोजू नयेत, घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये, म्हणून. पेढी थोरल्या बाई सांभाळायच्या आणि त्यांच्या तोंडून नाव काढणं म्हणजे दगडातून पाणी काढणं.

“सध्या तिच्यावर आहेत किती जण?” धाकटीने विचारलं.

“एक,” बाई म्हणाल्या.

समितीचे तिघं बोलायला बाहेर आले. कप्तान भिंतीला टेकून उभे राहिले.

“एकच माणूस, कप्तान!” धाकटी म्हणाली. “आणि तो कोण, हे काय लपलंय? भौतिकशास्त्राचे सर. सत्र सुरू झाल्यापासून फिरकलेत का इकडे?”

“मी नाव सांगणार नाही,” बाई म्हणाल्या.

“सांगू नका. त्यांची दोन्ही मुलं बक्कळ कमावतात, निवृत्ती उंबरठ्यावर आलीये. त्यांचं काही अडणार नाही. नोकरी जाणाऱ्या आम्हा तिघांच्या घरी चूल बंद होईल.”

“अगं, तुला ठाऊक नसलेल्या गोष्टीवर इतकं ठाम बोलू नये.”

“मग तुम्ही बोला ना! तुमचं काय, तुमची नोकरी पक्की.”

बोलून झाल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली, पण शब्द मागे घेतले नाहीत. बाईंनी पदर तोंडाला लावला. सरांचा नि बाईंचा जुना स्नेह असणार, धाकटीला वाटलं.

“भांडू नका,” कप्तान म्हणाले. मग तिच्याकडे वळून, “धाकटे, बाळाला दात आले का गं?”

“दोन आलेत. चावतो.”

“बापावर गेला नाही म्हणजे. संघटनेच्या कामाचा आहे.” ते हसले. “सोडून द्या पेढी.”

“कप्तान, अरे विचार कर,” बाईंनी त्यांची बाही धरली. “पुन्हा एकदा विचार कर.”

“केला. एका बाजूला एक माणूस, दुसऱ्या बाजूला तीन घरं. यात काय घोळवत बसायचंय? चला आत, पाय दुखतात माझे.”

सह्या झाल्या. धाकटी घरी जाऊन बाळाला छातीशी धरून पोटभर रडली. नोकरी राहिली होती.

पण आनंद टिकेना. बाळाला भरवताना, कपडे वाळत घालताना भौतिकशास्त्राचे सर डोळ्यांपुढे येत. आजारी माणसाचा पगार आपण काढून घेतला. निदान तोंडावर जाऊन सांगावं तरी, म्हणून रविवारी बाळाला कडेवर घेऊन ती त्यांच्या दारात उभी राहिली.

दार सरांनीच उघडलं. बाह्या वर सारलेल्या, हाताला साबणाचा फेस.

“सर, तब्येत कशी आहे?”

“माझी? मला काय धाड भरलीये! आजारी ही आहे.” त्यांनी आतल्या खोलीकडे मान वळवली. “हिच्यासाठी बिनपगारी रजा घेतलीये. पेढी स्वतःच्या दुखण्यालाच, बायकोच्या नाही. नियम आपणच केलेत, रडायचं कुणाकडे? या, आत या. बाळ गोड आहे हो.”

ती उंबऱ्यातच थांबली. बाळाने तिची वेणी ओढली, ते तिला कळलं नाही.

“बरं झालं आलात,” सर हात पुसत म्हणाले. “पेढीसाठी तुम्हा समितीवाल्यांचे आभार मानायचेच होते. दवाखान्यात हिच्या शेजारच्याच खाटेवर दर आठवड्याला कप्तानला औषध चढवतात. पेढीतून पगार चालू आहे, म्हणून औषध चालू आहे, असं सारखं म्हणायचा. या खेपेला आलाच नाही. फोनही उचलत नाही. घरी एकटाच असतो हो तो. तुमची वाट तिकडूनच जाते ना? जाता जाता जरा बघून याल का त्याला?”