बाहेरून आलेलं

आठ दिवसांच्या तापानंतर आबा जेवायला बसले, भाकरीला ठेचा लावला आणि ताटच सरकवलं. "शैला, काळ्या मिऱ्यांचा ठेचा असतो होय गं?"

शैलजानं खरं काय ते सांगितलं. गाजरगवतावर सोडलेले भुंगे तिनंच प्रयोगशाळेत घडवलेले, बाहेरच्या देशातून आलेलं रोप खायचं एवढंच शिकवून. गवत संपलं तेव्हा गावानं तिला शाल-नारळ दिला. मग भुंगे मिरचीवर बसले आणि मिरचीही संपली.

"मिरची कुठली परदेशी? आपल्या परसातली!"

"बोटीतून आली होती, आबा. पाचशे वर्षांपूर्वी."

"असू दे. उद्या शेंगदाण्याची चटणी कर, मिरी घालून का होईना, मग जेवतो."

भुईमूगही बोटीतूनच आलेला. त्याचं शेवटचं शेत भुंग्यांनी कालच साफ केलं होतं.

"करते," शैलजा म्हणाली आणि तिनं ताट उचललं.