दारावरचं नाव

मुली पाटी घेऊन आल्या तेव्हा सदाशिवराव ओसरीवर बसून दंडाला खोबरेल तेल चोळत होते. बैठकीची खोली दिवाळीपासून आढ्यापर्यंत कापसानं भरलेली होती. गेल्या साली भाव चढला होता, यंदाही चढेल म्हणून ठेवलेला. भाव उतरत गेला आणि कापसाची खाज घरभर झाली.

"काका, जयाताई आहेत का?" केतकीनं विचारलं. "आम्ही 'घर दोघांचं'वाल्या. पुसदहून आलो. दारावर नवरा-बायको दोघांच्या नावाची पाटी लावायची आहे."

"जया?" सदाशिवरावांनी मान हलवली. "घर चुकल्या तुम्ही, पोरीहो. इथं एकच बाई होती. विमल. तिचं तेरावं होऊन चार दिवस झाले."

केतकीच्या मागे निशिगंधा होती, हातोडी आणि खिळ्यांचा डबा घेऊन. डबा वाजू नये म्हणून तिनं तो पोटाशी धरला.

केतकी पायरीवर बसली. बसायचं नव्हतं, पण बसली. सकाळपासून ढाणकीतली सतरा घरं झाली होती. दोन घरांनी पाटी गोठ्याच्या दाराला लावा म्हणून सांगितलं. रुखमाबाईंच्या घरी आठवड्यापूर्वी दिलेली पाटी रांजणावर होती. "मापात बसते ना बाई," रुखमाबाई म्हणाल्या होत्या, "झाकण फुटलं होतं माहं."

"चुकलं असेल आमचंच," केतकी म्हणाली आणि पिशवीतून अर्जांचा गठ्ठा काढला. "मारुतीच्या देवळामागे, निळं दार. घर तर हेच लिहिलं आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवात भरून घेतला होता हा."

आतून त्यांची मुलगी शाल्मली आली. तिनं ओले हात पदराला पुसले आणि अर्ज घेतला. नाव पेनानं लिहिलेलं होतं. आधी आडवी रेघ ओढलेली, मग तिच्याखाली एकेक अक्षर टांगलेलं. असं फक्त आई लिहायची. वाणसामानाची यादी, दळणाच्या डब्यावरची चिठ्ठी, शाल्मलीला वसतिगृहात आलेली पत्रं, सगळं असंच.

"अक्षर आईचं आहे," ती म्हणाली.

"त्यांनी मला दोनदा विचारलं होतं," केतकीला आता आठवलं. "बाई, कोणतंही नाव चालेल का? मी म्हटलं, तुमचं असलं म्हणजे झालं. लिहून झाल्यावर कागद हातात धरून बसल्या होत्या. मागे बायकांची रांग लागली होती, म्हणून मी घाईनं घेतला."

शाल्मलीनं वडिलांकडे पाहिलं. त्यांनी तेलाच्या बाटलीचं बूच लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"लग्नाआधीचं नाव ते," ते म्हणाले. "माह्या थोरल्या वहिनीचं नाव जया होतं. एका घरात दोन जया, हाक मारली की दोघी उठतीन. मग बदललं. ताटातल्या तांदळात मीच लिहिलं, विमल. माय म्हने तसं."

"पण जयाकाकू तर वाटणी झाल्यावर फुलसावंगीला गेल्या."

"तू तीन वर्षांची होती तवा."

"मग परत नाव नाही दिलं?"

"कोन देईन?" सदाशिवराव म्हणाले. "कोनाच्या ध्यानात होतं?"

शाल्मलीनं पाटी हातात घेतली. पांढऱ्या पत्र्यावर निळी अक्षरं. वर जया, खाली सदाशिव.

"हे नोको लावू, शालू," सदाशिवराव हळू आवाजात म्हणाले. "लोक काय म्हनतीन? बाई जाऊन महिना नाही झाला अन् बुढ्यानं दुसरीची पाटी लावली. मी कोनाकोनाले सांगू?"

मुलींच्या पत्रकात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

"काका, आम्ही बदलून आणतो," केतकी म्हणाली. आवाज थकलेला होता. "विमल लिहून आणतो. पुढच्या आठवड्यात येणं आहेच इकडे."

"नको," शाल्मली म्हणाली. "तिनं एकदाच काही स्वतःच्या हातानं भरून दिलं होतं."

तिनं निशिगंधाकडून हातोडी घेतली, ओसरीतलं स्टूल ओढलं आणि त्यावर चढली. दाराच्या उजव्या बाजूला पाटी टेकवली. खिळा चिमटीत धरला. पहिला घाव भिंतीवर बसला आणि चुन्याचा पोपडा खाली पडला. खिळा तसाच चिमटीत राहिला.

सदाशिवराव उठले. हातोडी काढून घेतील असं केतकीला वाटलं. ते स्टुलापाशी येऊन वर पाहत उभे राहिले.

"तिथं नोको," ते म्हणाले. "पावसाळ्यात पागोळी पडते तिथं. रंग जाईन. डाव्या अंगाले घे."

शाल्मलीनं स्टूल डावीकडे सरकवलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं. तिनं चार खिळे ठोकले.

केतकीनं यादीत खूण केली आणि गठ्ठा पिशवीत घातला. अजून अकरा घरं होती.

मुली अंगणातून बाहेर पडत होत्या, तेवढ्यात गावातल्या किसनसिंगाची मोटारसायकल दारासमोर मंदावली. त्यानं एक पाय टेकवला, डोळे बारीक केले आणि मोठ्यानं वाचलं, "जया..." मग हसावं की नाही ते न कळून तो सदाशिवरावांकडे पाहू लागला.

"कोन आली ब्वा, राव?"

सदाशिवरावांचे हात अजून स्टुलावरच होते.

"कोनी आली नाही," ते म्हणाले. "इथंच राहे ते. छत्तीस वर्षं."