होणाऱ्या जावयाचे ब्रेक

मिस्त्रींनी टेम्पोतून उतरवलेली ती डोंगरात पळवायची मोटरसायकल आपल्या गॅरेजात स्टँडवर चढवली, पुढचा-मागचा ब्रेक खोलला आणि पॅड उजेडात धरले. त्यांच्या मुलीने पसंत केलेला मुलगा समोर घाम पुसत उभा होता.

शिक्षण, पगार यातलं काही मिस्त्रींनी विचारलंच नव्हतं. मुलगा दर रविवारी मोटरसायकल शर्यतींच्या मातीच्या ट्रॅकवर असतो, एवढं कानावर आल्यावर त्यांनी निरोप धाडला होता, की गाडी घेऊन ये, मग बघू. ब्रेक पाहून आपल्याला माणूस कळतो, असा त्यांचा दावा होता. एकुलत्या एका मुलीचं लग्न आज त्या दाव्यापाशी येऊन अडलं होतं.

मुलगी शेजारीच बसून ब्रेकची डिस्क पुसत होती. तिला त्यांनी गॅरेजातलं सगळं काम शिकवलं होतं. असल्या गाडीवर बसायची मात्र सक्त मनाई होती. त्या नादात त्यांचा स्वतःचा खांदा कायमचा कामातून गेला होता.

पॅड दोन्ही बाजूंनी सारखे झिजले होते. पुढच्या चाकाचे जास्त, मागच्याचे कमी. म्हणजे उतार दिसला की घाबरून मागचा, पायाचा ब्रेक दाबत बसणारा हा गडी नव्हे. हाताच्या ब्रेकची लिव्हर मात्र मुठीच्या फारच जवळ घेतलेली होती, आखूड बोटांना पुरेल अशी. मिस्त्रींनी मुलाच्या लांब बोटांकडे पाहिलं आणि असते एकेकाची सवय, म्हणून सोडून दिलं.

ब्रेकच्या पिनांवरचं ग्रीस पाहून तर ते चाटच पडले. अगदी नखभर, रबराला लागणार नाही असं. ही तर त्यांची स्वतःची पद्धत. कुठे शिकलास, असं त्यांनी विचारलं. मुलाने मुलीकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही.

"काका, एक सांगायचं होतं," मुलगा म्हणाला. मिस्त्रींनी हातानेच त्याला थांबवलं.

सगळं पुन्हा बसवून त्यांनी चाक गरकन फिरवलं, ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं. इतके दिवस पोटात असलेली काळजी एकदम हलकी झाली, आणि त्यांना फार बरं वाटलं.

"मी सहसा कुणाचं कौतुक करत नाही," ते म्हणाले. "पण ही गाडी जो चालवतो ना, त्याच्या भरवशावर पोरीला डोळे मिटून पाठवीन. बोल, तारीख कधीची धरायची?"

मुलगा एक पाऊल पुढे आला.

"काका, मला सायकलसुद्धा धड येत नाही. मी ट्रॅकच्या कडेला उभा राहून वेळ मोजतो. गाडी चालवते ती ही, तुमची मुलगीच."