न पुसलेले ठोकळे

"रविवारी घरी नेलेल्या ठोकळ्यांची स्मृती तू पुसली नाहीस, उमाकांत," असं म्हणत मृदुलाने बटण दाबलं. न पुसलेले ठोकळे आपला शेवटचा आकार पुन्हा धरतात, हे खेळण्यांच्या कारखान्यात सगळ्यांनाच ठाऊक. तिच्या टेबलाएवढ्या मोठ्या, मोटरवाल्या खेळण्यातल्या डंपरचा आराखडा उमाकांतनेच बाहेर फोडला, अशी तिची खात्री होती. आता चोर सापडणार!

ठोकळे खडखडत एकमेकांवर चढले. हुबेहूब तिच्याच डंपरचा हौदा, तिचीच मोटर.

"आता बोल!"

हौदा सावकाश उचलला गेला आणि रेती सांडेल त्याच्या खूप आधीच थांबला. चाकांच्या जागी चार पाय होते, कडेला कठडा. तो पलंग होता.

"आईला आपलं आपण उठून बसता येत नाही," तो म्हणाला. "चोरायचं असतं, तर पुसून नसते का दिले?"