सतरा आवाजांची यादी

"‘आऽ’ म्हणजे पाणी हवंय," रेडिओ म्हणाली. देखरेखीच्या बाईंनी लिहून घेतलं.

रेडिओची मैत्रीण खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. सकाळचं ताट तसंच झाकलेलं होतं.

अपंग बायकांची ती जुनी संस्था बंद होऊन पाच महिने झाले होते. दीडशे जणींना वस्तीतली साधी घरं मिळाली, एका घरात चौघी. रेडिओला व्हीलचेअर, म्हणून तळमजला. मैत्रीण चालती-फिरती, म्हणून तिला शहराच्या दुसऱ्या टोकाला दुसरा मजला. दोघींच्या खाटा बावीस वर्षं शेजारी होत्या, हे लिहायला अर्जात रकाना नव्हता.

तोंडाचा पट्टा अखंड चालायचा, म्हणून हिचं नाव रेडिओ. मैत्रिणीला बोलता येत नसे, नुसते आवाज काढायची. ते एकट्या रेडिओला कळतात, हे संस्थेत सगळ्यांना ठाऊक होतं. नव्या घरात मैत्रिणीनं महिनाभर आवाज काढून पाहिले. मग ती गप्प झाली. मग तिनं अन्न टाकलं.

म्हणून आज बाई रेडिओला घेऊन आल्या होत्या. दोन माणसांनी तिला खुर्चीसकट जिना चढवलं होतं. यादी जमली तर ठीक, नाहीतर दोघींना पुन्हा मोठ्या निवासात, चाळीस खाटांच्या दालनात जावं लागेल, असं बाईंनी गाडीतच सांगितलं होतं. रेडिओला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची खोली मिळाली होती. आतून कडी लागणारी.

"‘ऊंऊं’?"

"पोट दुखतंय."

"आणि टाळी?"

"खिडकी उघडा."

यादी सतरावर गेली. "झालं! आता हिचं काही अडायचं नाही," बाई म्हणाल्या.

रेडिओनं खाटेकडे पाहिलं. झग्यातून पाठीचे मणके मोजता येत होते.

"बाई, तो कागद फाडा. मला हिचं कधीच काही कळलं नाही."

"अहो, मग बावीस वर्षं काय करत होतात?"

"विचारत बसायचे. पाणी हवं का? नाही. उशी हवी का? नाही. मेट्रनच्या टाळक्यात तांब्या घालू का? मग हसायची. हसून हसून दमली, की जेवायची."