गेटवरून

पाहुण्यांनी नारळ फोडला आणि पंपाची धार तुटली.

सगळ्यांचं लक्ष नारळाकडे होतं. धुळ्याच्या तंत्रज्ञान प्रदर्शनाचं उद्घाटन अकराचं, पाहुणे उगवले एकला. तोवर सोलर पंप टाकीतलं पाणी उचलून पुन्हा टाकीत ओतत, सकाळपासून आपला खळखळत होता. पाहुण्यांनी पॅनलला कुंकू लावलं, झेंडूची मनगटाएवढी जाड माळ दोन कोपऱ्यांना अडकवून मधोमध सोडली. नारळ फुटला, टाळ्या पडल्या. तेवढ्यात धार करंगळीएवढी झाली, थेंबांवर आली, गेली.

गेटवर येणाऱ्यांची नावं लिहीत बसलेल्या जीनतला ते पहिल्या झटक्यात कळलं. तिच्या अब्बांच्या, हाशमभाईंच्या, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानावरही असंच पॅनल होतं. एकदा तिनं त्यावर ओली ओढणी वाळत घातली आणि खाली सगळं बंद. बोटभर सावलीनंही पॅनल रुसून बसतं, हे तेव्हापासून तिला पाठ.

माळ काढा. दोन शब्दांचं काम. ते ओठांवर आले आणि तिथंच बसले.

माइक भूमिकाच्या हातात होता. दोघी एकाच पॉलिटेक्निकच्या, एकाच बाकावरच्या. स्वयंसेवक म्हणून आधी नाव दिलं जीनतनं. "तू आहेस तर मीही," म्हणत भूमिका मागून आली. पंपाची माहिती आठवडाभर घोकली जीनतनं, भूमिकालाही तिनंच शिकवली. आणि आज सकाळी पुण्याच्या पंप कंपनीचे हितेंद्र सर दोघींकडे बघून म्हणाले, "तू माइक घे. आणि तू... तुझं अक्षर चांगलं आहे. तू गेटवर बस." धुळे-साक्री भागासाठी ते स्वयंसेवकांतून एकीला कामावर घेणार होते. एकीलाच. आज संध्याकाळी.

सकाळपासून भूमिकाचा आवाज केळीच्या पानावरून दव ओघळावं तसा गोड ओघळत होता, आणि जीनतच्या पोटात जाऊन मिरचीसारखा लागत होता. 'हे वाक्य माझं,' ती मनात म्हणायची. 'हेही माझंच.'

"ओ ताई, पानी कोठे गयं?" पुढच्या रांगेतले सोनगीरचे तोताराम नाना ओरडले. "नारळ खाईसन झोपी गया का काय पंप तुना?"

हशा पिकला. भूमिकानं बटण दाबलं, वायर हलवल्या, पुन्हा बटण दाबलं. मग तिनं माइकवरूनच हाक मारली, "जीनत, ये ना गं इकडे! मला काही सुचत नाहीये."

जीनतनं मान रजिस्टरात घातली. कुणी नाव सांगत नव्हतं, तरी ती लिहीत राहिली.

पूजेची माळ आहे ती, तिनं स्वतःला समजावलं. हाशमभाईच्या पोरीनं चारचौघांत जाऊन ती ओढायची? लोक काय म्हणतील? कारण चांगलं भारदस्त होतं. फक्त खरं नव्हतं. काढा म्हणायला माळेला हात लावावा लागत नाही.

पंधरा मिनिटं गेली. गर्दी पांगून ड्रोनच्या मांडवाकडे सरकू लागली. हितेंद्र सर रुमालानं मान पुसत होते. भूमिकाचे डोळे काठोकाठ भरले, आणि ते इतक्या लांबून पाहून जीनतला बरं वाटलं. कडक उन्हात चालून आल्यावर माठातलं पाणी प्यावं, तसं बरं.

"चालनू मी," तोताराम नाना उठले. "नातले एक फूल लई जास." त्यांनी नातीसाठी पॅनलवरचं एक फूल ओढलं, दोरा तुटला, सगळी माळ हातात आली. पंपानं खाकरल्यासारखं केलं आणि धार अशी उसळली की भूमिका आपादमस्तक भिजली.

"नाना, तुमना हातमा जादू शे!" कुणीतरी ओरडलं. पांगलेली माणसं हसत परत फिरली.

भूमिका तशीच निथळत गेटकडे धावत आली. तिनं जीनतचा हात धरला. "चल, उठ! सर चिडले, सावलीचं कारण एकालाही कसं कळलं नाही म्हणून. मी म्हटलं, जीनतला कळलं असतं, तिच्या अब्बांचं तेच काम आहे. मला सगळं तिनंच शिकवलंय म्हटलं. तर म्हणाले, बोलाव तिला. जीनू, तुलाच घेतील बघ!"

जीनत ओढल्यासारखी मागोमाग गेली. हितेंद्र सरांनी तिच्याकडे सकाळपासून पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"पंप का थांबला, ते तुला तिथून दिसलं होतं का?"

हो म्हणावं, तर पंधरा मिनिटं गप्प का बसलीस? नाही म्हणावं, तर काम गेलं. भूमिकाच्या ओल्या बोटांनी तिचा हात दाबला. बोल ना, बोल.

"नाही सर," जीनत म्हणाली. "गेटवरून पॅनल दिसतच नाही."

"बरं." सर भूमिकाकडे वळले. "तुझा नंबर लिहून दे."

भूमिकानं नंबर लिहिला नाही. जीनतचा हात तिच्या हातातून केव्हा सुटला होता, दोघींनाही कळलं नाही. माणसांतून वाट काढत भूमिका सरळ गेटवर गेली, जीनतच्या रिकाम्या खुर्चीवर बसली आणि तिनं मान वर केली. पॅनल थेट समोर दिसत होतं.

मग बराच वेळ ती तिथून उठलीच नाही.